चरबीचा पत्ता

आपल्या बोलण्यात चरबीला दोन तोंडं आहेत. तान्ह्या मुलानं बाळसं धरलं की घर आनंदून जातं. सासरहून आलेली लेक जरा भरलेली दिसली तर आई समाधानानं म्हणते, 'अंग धरलंय हो पोरीनं.' आणि कुणी वर तोंड करून बोललं की तीच आई म्हणते, 'फार चरबी आलीय त्याला!' म्हणजे एकच वस्तू, कधी बरकत तर कधी माज. मी कवितेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण 'फॅटी लिव्हर' या आजाराचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तिथंही हाच घोटाळा दिसला. चरबीकडे आजार म्हणून पाहण्याआधी माणसाच्या वागण्याचा पुरावा म्हणून पाहिलं गेलं.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'काळीज' म्हटलं की आपला हात छातीवर जातो. पण खाटकाकडे काळीज मागा, तो यकृत कापून देईल. या बाबतीत खाटीक कवीपेक्षा अचूक! उर्दूतलं 'जिगर' हेही मुळात यकृतच. संस्कृत 'यकृत' आणि लॅटिन 'येकुर' ही तर एकाच मुळाची भावंडं. रोमन लोक हंसांना अंजीर चारून पुष्ट करत, कारण त्यांचं चरबीनं फुगलेलं यकृत मेजवानीत मानाचं असे. त्याला ते 'येकुर फिकातुम', म्हणजे अंजिराचं यकृत म्हणत. पुढे बोलण्याच्या ओघात 'येकुर' गळून पडलं आणि 'फिकातुम' उरलं. त्यातूनच फ्रेंच 'फ्वा', इटालियन 'फेगातो' आणि आपल्या शेजारी गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगीजांचा 'फिगादु' हे शब्द आले. त्यांच्या भाषेत यकृताचं नावच मुळी अंजीर खाऊन लठ्ठ झालेल्या पाखराकडून आलेलं आहे.

हंसापुरता हिशेब सरळ होता. जास्त चारा, जास्त चरबी. माणसालाही हाच हिशेब लागू असेल, असं वाटणं स्वाभाविक होतं.

१८३६ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी यकृतात चरबी साठण्याच्या विकारावर निबंध लिहिला. त्यात संशयाची सुई दारूकडे होती. दारूनं यकृतात चरबी साठते हे खरंच आहे. पण पुढची जवळजवळ दीडशे वर्षं डॉक्टरांच्या मनात हे समीकरण उलट्या बाजूनंही पक्कं बसलं. यकृतात चरबी दिसली, की माणूस पिणारा असणारच.

या समीकरणात न बसणारे रुग्ण मधूनमधून समोर येत होतेच. १९३३ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी सुजलेल्या, कोमेजलेल्या लहान मुलांच्या आजाराची नोंद केली. तिथल्या आया त्याला 'क्वाशिओरकोर' म्हणत. पाठचं भावंड आल्यामुळे आईच्या दुधावरून बाजूला झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. पोषण न मिळालेल्या या मुलांच्या यकृतात चरबी भरलेली होती. ना दारू, ना मेजवानी. उलट ताटात काही नव्हतं म्हणून!

१९४६ साली लंडनच्या आर. डी. लॉरेन्स यांनी याहून चमत्कारिक रुग्ण नोंदवली. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत त्यांनी ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभारली होती. या रुग्ण स्त्रीच्या कातडीखालची चरबी नाहीशी झाली होती. अंग नुसतं शिरा आणि स्नायू. पण यकृत वाढलेलं, रक्तात चरबी उतू चाललेली आणि जोडीला मधुमेह. अंगावर चरबी नाही, म्हणूनच ती नको तिथे गेली होती. २००० साली अमेरिकेत याचा पडताळा मिळाला. जन्मतःच चरबी नसलेल्या उंदरांना मधुमेह होता, यकृतं चरबीनं भरलेली होती. त्यांच्या कातडीखाली दुसऱ्या उंदरांची चरबी बसवली, तर मधुमेह हटला आणि यकृतातली चरबीही उतरली. चरबी घातल्यानं यकृत हलकं झालं!

हे कोडं मला आपल्या कणगीवरून समजलं. कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. सुगीचं धान्य तिच्यात पडलं तर घर नीट राहतं. कणगी भरून वाहू लागली, किंवा मुळातच लहान असली, तर धान्य माजघरात आणि चुलीपाशी सांडतं. यकृत ही शरीराची चूल. एरवी इन्सुलिन कणगीचं झाकण लावून ठेवतं. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की झाकण सैल होतं, चरबी रक्तात उतरते आणि यकृतात येते. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त तर थेट यकृतातच जातं. यकृतातली ही चरबी येते कुठून, हे २००५ साली अमेरिकेत मोजलं गेलं. त्या रुग्णांच्या यकृतातली सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून सुटून आलेली होती. २६ टक्के यकृतानं स्वतः, मुख्यतः साखर-पिठापासून बनवलेली होती. आणि ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली होती फक्त १५ टक्के.

दरम्यान १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांची हकीगत छापली. त्यांची यकृतं पिणाऱ्यांसारखी, पण पिणारं कुणी नाही. बहुतेक जण स्थूल, अनेकांना मधुमेह. या आजाराला तोवर नाव नव्हतं. लुडविग यांनी ते दिलं, 'नॉन-अल्कोहोलिक'. मला या नावाची गंमत वाटते आणि खंतही. माणसाची ओळख 'हा चोर नाही' अशी करून द्यावी, तसं हे नाव. संशय दूर करायला आलं आणि संशयाचा शब्दच कपाळावर घेऊन आलं.

या संशयाची किंमत मी घरात पाहिली आहे. १९९६ची गोष्ट. आमचे थोरले भाईजान शाळामास्तर, अंगानं काटकुळे, पोट तेवढं किंचित पुढे आलेलं. दुसऱ्याच कारणानं सोनोग्राफी झाली आणि यकृतात चरबी निघाली. डॉक्टरांनी चार लोकांदेखत विचारलं, 'मास्तर, खरं सांगा, किती घेता?' भाईजाननी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. ते 'नाही' म्हणाले. डॉक्टर हसले. भाईजान घरी आले, रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि पुन्हा कुणाला दाखवला नाही. भाभींनाही नाही. चार वर्षांनी पायाची जखम भरेना तेव्हा साखर तपासली. ती कधीपासून वाढलेली होती कोण जाणे. अपमान झालेला माणूस दवाखान्याची पायरी पुन्हा लवकर चढत नाही.

भाईजानसारख्या काटकुळ्या माणसांचं कोडं सोडवण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघं जुळे भाऊ, आतून वेगळे. याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायामुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंनी खूपच कमी पडत होती, चरबीनं मात्र तेवढी नाही. आपण ज्याला बाळसं म्हणतो त्याची ही आतली बाजू. पोटात असताना उपासमार सोसलेली पिढी हडकुळी दिसते, पण तिच्या शरीराची घडण चरबी राखणारीच असते.

यकृताचा पुरावा २०१० साली बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून आला. गरीब, कष्टकरी खेड्यांत १९११ माणसं तपासली. ८.७ टक्क्यांच्या यकृतात दारूशी संबंध नसलेली चरबी होती आणि त्यांतल्या ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५च्या खाली होता.

२०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं. 'अल्कोहोलिक' गेलं, 'फॅटी' गेलं, कारण दोन्ही शब्द रुग्णाला लागत होते. आता 'मेटाबॉलिक' आणि 'स्टीॲटॉटिक' हे शब्द आले. यातला दुसरा ग्रीक आहे, आणि त्याचाही अर्थ चरबीच! पण ग्रीकमध्ये कुणी कुणाला टोमणा मारत नाही, एवढा फायदा.

उपायाची कथा त्यामानानं साधी आहे. क्यूबात हवाना इथं २९३ रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या यकृताला चरबीबरोबर सूजही होती. ज्यांनी आहार सांभाळून आपलं वजन दहा टक्क्यांनी किंवा अधिक उतरवलं, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांची ती सूज गेली. कणगी थोडी रिकामी झाली की चुलीपाशी सांडलेलं धान्यही उचललं जातं. बारीक माणसानं मात्र वजनकाट्यावर विसंबू नये, शिंप्याची टेप घ्यावी. आपल्या भागातल्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८०च्या पुढे गेली, तर साखर आणि यकृत तपासून घ्यावं, मग हातपाय कितीही बारीक असोत. आणि घरात कुणाच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' लिहून आलं, तर 'काय खाल्लंस, काय प्यालास' ही उलटतपासणी जरा बाजूला ठेवावी. रिपोर्ट कपाटात जाणार नाही, इतकं तरी बघावं.