घोड्याचे गणित, कोंबड्यांची उतरंड

दाणे टाकले की पहिली टोच कुठली कोंबडी मारणार, हे घरधनिणीला पाठ असते. दुसरी मधे घुसली की बसलीच तिला चोच! नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कोणाला टोचते हे त्यांनी टिपून ठेवले आणि १९२२ साली छापून दाखवले, की हे नुसते भांडण नव्हे. कळपात मानाची उतरंड असते. तळाची बिचारी सगळ्यांचा मार खाते. रक्त दिसले तर सारा कळप तुटून पडतो.

घोड्याची गोष्ट त्याहून गमतीची. बर्लिनमधले निवृत्त गणितशिक्षक फॉन ऑस्टेन यांचा हान्स घोडा बेरजेचे उत्तर खूर आपटून देई. १९०४ साली जाणत्यांची समिती बसली. तिला लबाडी आढळली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट यांनी, ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावले. झाले, हान्स चुकू लागला! बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले, आणि घोडा तेवढे हेरून थांबे. १९०७ साली हे उलगडले.

तेव्हा बायांनो, दाणे एका ढिगात टाकू नका, पसरून टाका. तळाचीलाही चार मिळतील. आणि गुरुजी, आपल्या तोंडाकडे बघत ‘सात... नाही, आठ’ म्हणणारा पोरगा वर्गात असतोच. त्याला गणित येते की आपला चेहरा वाचता येतो, हे एकदा पाठ फिरवून पाहा.