देवळालीचे नाव आणि मनाची परीक्षा

आपल्या देवळालीच्या नावावरून इंग्रजीत एक शब्द रूढ झाला आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? ‘डूलॅली’, म्हणजे डोके फिरलेला! इंग्रजांच्या येथील छावणीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत. जहाजे बहुधा हिवाळ्यातच सुटत. ती चुकली की उन्हाळा व पावसाळा येथेच काढावा लागे. हाताला काम फारसे नसे. त्यांच्या विक्षिप्तपणास ‘डूलॅली टॅप’ म्हणत. ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ च्या पुस्तकात याविषयी लिहिले आहे.

दोष मात्र गावाच्या माथी! ऊन, हिवताप, दारू, रिकामपण की घराची ओढ, नेमके कशाने डोके फिरले हे कोण सांगणार? सारेच एकत्र होते.

हा गुंता सोडविण्यासाठीच आज मानसशास्त्रज्ञ संगणकावर आभासी परिसर रचतात. डोळ्यांवर यंत्र चढविले की माणसास आपण तेथेच आहोत असे वाटते. मग एकच गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची आणि फरक टिपायचा. आपल्या शाळेतल्या प्रयोगासारखेच. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम व लॅरी हॉजेस यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी हेलिकॉप्टर आणि जंगलातील मोकळी जागा उभी केली. आवाज किती वाढवायचा, हे उपचारकाच्या हाती. त्यापूर्वी, १९९५ साली, उंचीला भिणाऱ्यांवरील प्रयोग त्यांनी प्रसिद्ध केला होता. त्यातले सज्जे आणि पूल चित्र म्हणून ओबडधोबडच होते, तरी लोकांना घाम फुटे, गुडघे लटपटत.