बोरिवलीची भेट

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी आणि हीरकमहोत्सवी स्मरणिका वाचण्याचा मला नाद आहे. मुलुंड, घाटकोपर, पार्ले, अंधेरी, जिथली मिळेल तिथली स्मरणिका मी घरी आणतो आणि घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत वाचत बसतो. त्यांत संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांच्या याद्या असतात, बोर्डात झळकलेल्या मुलांची नावे असतात. एखाद्या जुन्या शिपायावरही चार ओळी असतात, आणि त्या असाव्यातच. परंतु अमुक मास्तरांच्या वर्गात उभे राहून चाळीस-पन्नास तरुण मुलेमुली शिकवायला शिकली, अशी नोंद मला अजून एकाही स्मरणिकेत आढळलेली नाही.

आमच्या मुलुंडच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवीत आहे. दरवर्षी अध्यापक महाविद्यालयाकडून दोन-तीन छात्रशिक्षक माझ्या वाट्याला येतात. वर्ग त्यांच्या हवाली करायचा, आपण मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचे आणि त्यांच्या टाचणवहीत शेरा लिहायचा, असे हे काम. याला वेगळा पगार नाही. आपलाच वर्ग मागून पाहताना मनाची जी चमत्कारिक अवस्था होते, तिला नावही नाही. आपली मुले दुसऱ्या कोणाच्या विनोदाला हसतात हे प्रथम पाहिले, तेव्हा खरे सांगायचे तर मला थोडे वाईटच वाटले होते. असो.

शिक्षक घडवायचा कसा, हा प्रश्न आपल्याकडे दोनशे वर्षांचा जुना आहे. पंतोजींच्या शाळेत तो प्रश्नच नव्हता. तिथे थोरला मुलगा धाकट्याकडून धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेई आणि पंतोजी तपकीर ओढीत दोघांवर नजर ठेवी. अशीच वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले मद्रासेत अँड्र्यू बेल या पाद्रीसाहेबाच्या दृष्टीस पडली. त्याने आपल्या लष्करी अनाथालयात ती रीत उचलली आणि १७९७ साली लंडनला तिच्यावर पुस्तक छापले. मग तीच रीत विलायतेचा शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली. आपलाच तांब्या कल्हई करून आपल्यालाच विकावा, तशातला हा प्रकार.

मुंबईत एल्फिन्स्टनसाहेबांच्या प्रेरणेने १८२२ साली जी शाळापुस्तक मंडळी उभी राहिली, तिने १८२६ मध्ये चोवीस शिक्षक तयार करून मराठी आणि गुजराती मुलुखांत धाडले. पुढे १८४५ साली मुंबईत सरकारी अध्यापक वर्ग निघाला आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. दुर्दैव असे की पुढच्याच वर्षी, १८४६ च्या मे महिन्यात, बाळशास्त्री ऐन उमेदीत गेले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री सर्वांना ठाऊक असतात, मास्तरांचे मास्तर बाळशास्त्री फारसे कोणाच्या ध्यानात नसतात. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे मुख्य असलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांचीही तीच गत. शिक्षकांसाठी निघणारे ‘शालापत्रक’ त्यांनी आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी चालवले. चिरंजीवांची लेखणी सरकारला झोंबू लागली, तेव्हा १८७५ साली ते बंद झाले.

१९०६ साली मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या शिष्यांची पंचपदी आपल्या मास्तरांच्या मानगुटीवर बसली. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. पायऱ्या पाच आणि तास एक. या पंचपदीची टिंगल करण्याची आता पद्धत पडली आहे, पण मी करणार नाही. नवख्याला कठडा लागतोच. दोष एवढाच, की त्या टाचणात शिक्षकाने काय विचारायचे ते लिहिलेले असते, मुलाने काय विचारायचे त्याला जागा नसते.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्याकडे टिटवाळ्याहून एक छात्रशिक्षिका येत असे. सातवीच्या वर्गावर आग्र्याहून सुटकेचा पाठ होता. तक्ता सुरेख, अक्षर मोत्यासारखे, प्रश्न मोजून मापून. सारे टाचणाबरहुकूम चालले असता तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, पेटाऱ्यात श्वास कसा घ्यायचा?” वर्ग हसला. बाई गोंधळल्या आणि “तो आजचा भाग नाही, खाली बस,” म्हणाल्या. तास संपल्यावर मी टाचणवहीत शेरा लिहिला नाही, तो प्रश्नच लिहून दिला. दुसऱ्या दिवशी ती वेताची एक करंडी घेऊन आली, मुलाच्या हातात दिली आणि म्हणाली, “तूच सांग.” करंडी वर्गभर फिरली. कडक वेताच्या विणीतून वारा जातो इथपासून निघालेली चर्चा मिठाई, पहारेकरी आणि आजारपणाचे सोंग अशी फिरत १६६६ सालावर आली. तो सन मुलांनी नंतर पाठ केला नाही, कारण तशी गरज उरली नाही.

छात्रशिक्षकाला घडवतो कोण, मागच्या बाकावरचा मास्तर की तिसऱ्या बाकावरचा मुलगा, असा विचार माझ्या मनात येतो तेव्हा मला बोरिवलीची एक भेट आठवते. ही भेट आपल्या उपनगरातली असूनही उपनगरवासीयांना तिची फारशी माहिती नाही.

साल १९४५. बोरिवली तेव्हा मुंबईत नव्हते. विजेची गाडी १९२८ पासून तिथवर धावत होती खरी, पण महानगरपालिकेची हद्द तिथे पोचायला १९५७ साल उजाडावे लागले. त्या बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसच्या बंदिवासात निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ देशाने एक कोटीहून अधिक रुपये जमवले आणि तो निधी खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी ठेवला. त्या कामाला माणसे हवी होती, म्हणून हे शिबिर. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गाठ पडली.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले होते. ती मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मॉन्टेसोरीबाईंचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले आणि वकिली मागे पडली. शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजची प्राचार्या एका वकिलाच्या बालवर्गात शिकायला बसते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसणे आपल्या धंद्यात सोपे नसते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार. ताराबाईंचे नाव मुंबईच्या सुशिक्षित घराघरांत गेले. पण दादरच्या मुलांना शिकवून बालशिक्षण देशात पोचले असे मानायला त्या तयार नव्हत्या.

आणि अनुताई? त्या पस्तिशीच्या होत्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे जिद्दीने शिकून त्या प्रशिक्षित शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात त्यांनी शिकवले, मग पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे काढली. म्हणजे बोरिवलीला ताराबाईंना भेटली ती काही कोरी पाटी नव्हती. फळा, खडू, हजेरीपट, शिस्त सारे अंगवळणी पडलेली ती अनुभवी शिक्षिका होती. अशा बाईला नव्याने शिकवणे हे नवख्याला शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने सांगतो. नवख्याजवळ भीती असते, अनुभवी माणसाजवळ सवय असते. आणि भीती लवकर जाते.

त्याच वर्षी दोघी ठाणे जिल्ह्यातल्या (आजच्या पालघरमधल्या) बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी त्याच टापूत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. जिथे बापाला वेठीतून सुटका नव्हती तिथे त्याच्या तीन वर्षांच्या पोराला लाकडी मनोरे आणि मण्यांच्या माळा देऊन इंद्रियशिक्षण द्यायचे, असा तो विलक्षण बेत. ताराबाईंच्या हाती मॉन्टेसोरीचे सुघड शास्त्र होते. पण गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. एखादे आले तर कडेवर धाकटे भावंड घेऊन येई, अंगावर धड कपडा नसे, नाकाला शेंबूड, डोक्यात उवा. टिटवाळ्याच्या मुलीला एका मुलाने टाचणाबाहेरचा प्रश्न विचारला होता. इथे सबंध गावाने न येऊन तो विचारला.

मग शाळाच मुलांकडे गेली. वस्तीतले एखादे अंगण झाडून तिथेच मुलांना गोळा करायचे, आंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी म्हणायची. हीच अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने आली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी विकासवाडी उभी राहिली. बालसेविकांचे शिक्षणही याच अंगणांतून चाले. शिकाऊ बाईला आधी भिंतीआड व्याख्यान आणि मग सरावपाठ असा क्रम नव्हता. केरसुणी हाती घेतली की सराव सुरू.

यात गुरू कोण आणि शिष्या कोण, असा मला पुष्कळदा प्रश्न पडतो. शास्त्र ताराबाईंचे खरे. पण पाड्यावरच्या मुलांनी ते शास्त्र दोघींसमोर एकदमच मोडले आणि दोघींनी मिळून ते पुन्हा बांधले. मोडलेले शास्त्र धरून न बसण्याचा मोठेपणा ताराबाईंजवळ होता, म्हणूनच अनुताई घडल्या, असे माझे मत आहे. अनुताईंनी पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिले. १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. नुसत्या पदवीच्या मोहाने कोणी त्या वयात परीक्षेला बसत नसते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या आणि त्यानंतर एकोणीस वर्षे, १९९२ साली स्वतः जाईपर्यंत, अनुताईंनी ते काम चालवले. १९७५ च्या गांधीजयंतीला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या तेहतीस ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी. आज भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीतही त्या नावाची पाटी दिसते, मात्र दारात अंगण नसते. खोली दहा बाय दहाची.

मी बी.एड. झालो तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता आणि सरावपाठ या शाळेत दोन, त्या शाळेत तीन असे घाईघाईने उरकले जात. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला आणि छात्रशिक्षकाने वीस आठवडे शाळेत काढावेत असे ठरले. काही शाळांना ही आयती बदली-शिक्षकांची सोय वाटते आणि मार्गदर्शक शिक्षक त्या तासाला पेपर तपासतात. नियमाने आठवडे वाढवता येतात, मागच्या बाकावर कोणी बसायचे ते नियमाने होत नाही.

टिटवाळ्याच्या त्या मुलीचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी शाळा सुटताना ती म्हणाली, “सर, सोमवारचा तास तुम्ही घ्या, मी मागे बसते. मागून मुलं कशी दिसतात ते मला एकदा पाहायचंय.” मी बरे म्हणालो. त्या रविवारी कित्येक वर्षांनी मी टाचण काढले.