वर्दी देणाराचं नाव

आमच्या घरात पणजीबद्दल एकच वाक्य चालत आलं होतं. "आई तापानं गेली, मी नुकती चालायला लागले होते." आजी एवढंच सांगायची. पुढचं तिला ठाऊक नव्हतं आणि सांगणारं कुणी उरलं नव्हतं. फोटो नाही, पत्र नाही, नाव घातलेलं एखादं भांडंसुद्धा नाही.

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत शाळेचा दाखला सापडला. जन्मसाल १९१७. म्हणजे ती चालायला लागली ते साल १९१८. ते वाचलं आणि इतकी वर्षं साधा वाटलेला 'ताप' एकदम वेगळाच दिसायला लागला. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळ्याच्या शेवटी दुसऱ्यांदा, फार जोरात आला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसं मेली. तिथून तो रेल्वेनं आणि पायवाटांनी गावोगाव गेला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात किती गेले याचे अंदाज एक ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत.

त्यातली एक माझी पणजी होती का? असेल, तर तिची नोंद कुठेतरी असणार. ती शोधायला मला दीड वर्ष लागलं. ज्या शहरात शोधली त्याचं नाव घेत नाही. ज्यांनी मदत केली आणि ज्यांनी टोलवलं, ते दोघेही अजून त्याच इमारतीत बसतात.

गावात नाही

पणजीचं सासर खेड्यात. म्हणून सुरुवात तिथून केली. खेड्यातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंद 'कोतवाल बुका'त मिळते, म्हणजे गाव नमुना १४. ही बुकं आता बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात.

२०२३ पर्यंत हे नाव माझ्या पिढीतल्या फारशा कुणी ऐकलं नव्हतं. मग मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, जमिनीचे जुने उतारे, सगळं धुळीतून बाहेर आलं. मराठवाड्यासाठी समितीला निजामाच्या काळातली दप्तरं बघायला हैदराबादपर्यंत जावं लागलं. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं सांगितलं गेलं. राजकारणाचा भाग बाजूला ठेवला, तरी महाराष्ट्राच्या रेकॉर्ड रूमची दारं इतकी एकदम कधी उघडली असतील असं मला वाटत नाही.

आमच्या गावच्या बुकात १९१८ चा ऑक्टोबर होता. एरवी पानभर जागेत दोन-तीन महिने मावत. त्या एका महिन्यानं कितीतरी पानं खाल्ली होती. मधेच अक्षरही बदललं होतं. पहिला लिहिणारा आजारी पडला, की गेला? बुक त्यावर काही सांगत नाही. पणजी मात्र त्यात नव्हती.

लिहायची राहिली असेल, असं मी ठरवून टाकलं. मग एकदा बोलता बोलता आत्या म्हणाली, "अगं, पण आईचं आजोळ शहरात होतं ना, पेठेत."

हे मला आधीच सुचायला हवं होतं. मृत्यू लिहिला जातो तो जिथे होतो तिथे, माणूस जिथला असतो तिथे नाही. आजही नियम तोच आहे. खेड्यातला माणूस शहरातल्या दवाखान्यात गेला, तर दाखला शहरातून आणावा लागतो. पणजी माहेरी गेलेली असताना वारली असेल, तर सासरची वही मी जन्मभर चाळली असती तरी ती तिथे मिळाली नसती.

"आमच्याकडे काही नाही"

शहरातल्या खिडकीवर मला एका वाक्यात उत्तर मिळालं. "पन्नासच्या आधीचं काही नाही मॅडम, पुरात गेलं." सांगणाऱ्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. मीही विश्वास ठेवला, कारण पूर खरंच आला होता.

सहा-सात महिन्यांनी जिल्ह्याच्या वेबसाइटवर कुणबी नोंदींच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ नुसत्या चाळत होते. एका पानाच्या माथ्यावर आमच्या त्या शहराचं नाव होतं. खाली मोडीत मृत्यूंच्या नोंदी आणि साल १९१६. फोनवर ते पान मोठं करून करून पाहिलं. १९१६ ची वही पुरात गेली नसेल, तर १९१८ ची तरी का जावी?

पानाची प्रिंट काढून परत त्या खिडकीवर गेले. या वेळी तिथे दुसरे एक जण होते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे आमचंच आहे. समितीसाठी खाली काढलं होतं, आता परत माळ्यावर गेलं."

खोटं कुणी बोललं नव्हतं. पहिल्या माणसाला आपल्याकडे काय आहे हेच माहीत नव्हतं, कारण त्याची यादी नव्हती. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं की प्रत्येक कार्यालयानं आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायचे. २००५ पासून हा कायदा आहे. तरी लहान शहरांत ही सूची पुष्कळदा एखाद्या जुन्या शिपायाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की सूचीही निवृत्त होते.

वही कुणासाठी होती

आपल्याकडच्या नगरपालिका आपल्याला वाटतात त्याहून जुन्या आहेत. १८५० च्या एका कायद्यानं शहरांना हवी असल्यास नगरपालिका काढायची मुभा दिली. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि १८५३ मध्ये तिथे नगरपालिका आली. पाच वर्षांपूर्वी जे राजधानीचं शहर होतं, तिथे आता झाडलोट, दिवे आणि पाणी यांचा हिशेब कमिटी ठेवू लागली. पुढे १८८४ आणि १९०१ च्या कायद्यांनी अशा कमिट्यांना अधिकार वाढवून दिले आणि त्यांच्या वह्याही वाढत गेल्या.

सरकारला जन्ममृत्यूंच्या आकड्यांत रस होता, तो रोगांमुळे. देवीची लस कुणाला टोचायची हे ठरवायला जन्म कळायला हवेत. पटकी कुठे पसरतेय हे कळायला मृत्यू कळायला हवेत. म्हणून मृत्यूच्या कारणांचे ठरलेले कप्पे होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा आणि इतर. नगरपालिकेतून आणि गावांतून आकडे वर जात, त्यांची बेरीज होई, वार्षिक अहवाल छापला जाई.

१९१८ मध्ये या कप्प्यांत इन्फ्लुएन्झाला जागाच नव्हती. त्यामुळे ते बहुतेक मृत्यू 'ताप' आणि श्वसनाच्या विकारांत जमा झाले. किती माणसं गेली याचा अंदाज अभ्यासकांना पुढे आडमार्गानं काढावा लागला: आदल्या वर्षांत तापानं किती जायचे आणि या वर्षी किती गेले, याची वजाबाकी करून. आजीचं ते एक वाक्य म्हणजे सरकारी कप्प्याचंच नाव होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माळा

अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. 'माहिती द्यावी' असं न लिहिता 'सन १९१८ च्या मृत्यू नोंदवहीचं अवलोकन करू द्यावं' असं लिहिलं. हा फरक महत्त्वाचा आहे. माहितीच्या अधिकारात कागद प्रत्यक्ष पाहण्याचाही अधिकार येतो, आणि पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. 'माहिती' मागितली असती, तर 'उपलब्ध नाही' असं एका ओळीत परत आलं असतं.

वही पाठकोऱ्या कागदाच्या जाडजूड बांधणीची होती. कडा वाळवीनं कुरतडलेल्या, पण शाई काळीभोर. मोडी मी दहा दिवसांच्या वर्गात शिकले होते. तेवढ्यावर नावं लागतात, वाक्यं लागत नाहीत. सोबत मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मला दोन शब्द शिकवले. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. "बाई शोधायची तर कोम बघत जा," ते म्हणाले.

रकाने असे होते: अनुक्रम, तारीख, नाव, पुरुष की स्त्री, वय, जात, धंदा, राहण्याचं ठिकाण, मृत्यूचं कारण आणि शेवटी वर्दी देणाराचं नाव. वर्दी म्हणजे खबर. कमिटीत येऊन ज्यानं सांगितलं, तो माणूस.

ऑक्टोबरची पानं उलटताना गुरुजी आधी मोठ्यानं वाचत होते. "ताप. ताप. ताप. हगवण. ताप." मग ते मनात वाचायला लागले. दुसऱ्या पंधरवड्यात लिहिणाऱ्यानं 'ताप' लिहिणंही सोडलं होतं. वरच्या ओळीखाली नुसत्या दोन टिंबांच्या खुणा करत तो पानाच्या तळापर्यंत गेला होता.

त्या खुणांच्या रांगेत एक कोम आली, आणि तिच्यापुढे माझ्या पणजोबांचं नाव होतं. वय २२. ठिकाण, आत्या म्हणाली होती ती पेठ. पणजीचं नाव मात्र आम्हाला माहीत असलेलं नव्हतं. ते माहेरचं होतं. माहेरच्या माणसानं सांगितलं, म्हणून माहेरचं लिहिलं गेलं. वर्दी देणार: तिचे वडील.

म्हणजे ती बावीस वर्षांची मुलगी दीड वर्षाचं पोर घेऊन माहेरी आली होती. कदाचित दुसऱ्या बाळंतपणाला. हा माझा अंदाज आहे. वहीत तसं नाही. त्या साथीत आपल्याकडे पुरुषांहून बायका जास्त गेल्या, वीस ते चाळीस वयाच्या जास्त, आणि गरोदर बायकांना धोका सर्वांत मोठा होता, एवढं मात्र माहीत आहे. तिच्या बापानं स्मशानातून येऊन, किंवा जाण्याआधी, कमिटीत जाऊन मुलीचं नाव सांगितलं. त्याच्या पुढे-मागे रांगेत आणखी बाप आणि नवरे उभे असतील.

दाखल्यात काय येत नाही

रीतसर फी भरून मी मृत्यूचा दाखला मागितला. आठवड्यात मिळाला. संगणकावर छापलेला, सही-शिक्क्याचा. त्यात नाव होतं, तारीख होती, ठिकाण होतं. 'ताप' नव्हता. वर्दी देणाराचं नाव नव्हतं.

ही कुणाची चूक नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमातच आहे की मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायचं नाही. आजच्या माणसासाठी ते योग्यच आहे. कुणाचा आजार काय होता, हे परक्याला का कळावं? पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसालाही तोच छापील नमुना लागतो, आणि मला जे हवं होतं ते नेमकं त्या नमुन्याबाहेर राहतं.

जुन्या नोंदी सगळीकडे संगणकावर चढवल्या जाताहेत. पानाचा फोटो न घेता नोंदी नुसत्या टाइप केल्या, तर दाखल्याला लागतात तेवढेच रकाने भरले जातील, अशी मला भीती आहे. मग 'सगळं ऑनलाइन आहे' असं म्हणून मूळ वही परत माळ्यावर जाईल किंवा रद्दीत निघेल. कुणबी शोधातही पान स्कॅन झालं ते त्यात तो एक शब्द सापडला तर. शेजारचं पान तसंच राहिलं. पणजीचं पान त्या राहिलेल्यांत होतं.

म्हणून तुमच्या शहरात जा. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या वह्यांखेरीज सभांची इतिवृत्तं असतात. रस्ता कुणाच्या दारातून गेला आणि नळ कुठल्या आळीला मिळाला नाही, ते त्यांत सापडतं. घरपट्टीच्या आकारणीच्या वह्यांत वाडे-घरांचे मालक आणि भाडेकरू असतात. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका आणि जागांच्या चौकशीच्या नोंदवह्या मिळतात. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखतांच्या सूची असतात. शाळेत जनरल रजिस्टर असतं. आपल्याला काय हवं ते नंतर ठरवा. आधी 'कुठल्या सालापासूनच्या वह्या आहेत, त्यांची यादी दाखवा' असं लेखी विचारा. यादी नसेल, तर ती करायला कुणीतरी भाग पाडलं, एवढं तरी होईल.

मी दुसरा अर्ज केला तो याचसाठी. १९५० च्या आधीच्या सर्व वह्यांची यादी मागितली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, अपील केलं, मग आलं. एका पानावर हातानं लिहिलेली सत्तावीस वह्यांची नावं. १९१८ ची सभांची इतिवृत्तं त्यात नाहीत. त्या महिन्यात कमिटीनं काय केलं, सरपण पुरवलं का, वैद्य नेमले का, हे आता तिथून कळायचं नाही.

दाखला घेऊन आत्याकडे गेले. तिचं वय आता ८२ आहे. तिनं आजीच्या आईचं खरं नाव पहिल्यांदा वाचलं आणि दोनदा म्हणून पाहिलं. ते नाव इथे लिहीत नाही. ते कुणाला सांगायचं हे ती ठरवेल. मग तिनं विचारलं, "हे लिहायला गेलं कोण गं?"

दाखल्यात ते नव्हतंच. मी वहीत उतरवून घेतलेलं वाचून दाखवलं.