विचारणारा हवा, तर इतिहास बोलतो

गेल्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला एक लहानशी पुस्तिका आणून दाखविली. अमळनेर तालुक्यातील एका निवृत्त जवानाने स्वखर्चाने छापलेल्या त्या आठवणी होत्या. १९७१ च्या युद्धात हे गृहस्थ शकरगड आघाडीवर दारूगोळ्याच्या गाड्या चालवीत होते. विद्यार्थी म्हणाला, "सर, यात एक गोष्ट जुळत नाही. युद्ध १६ डिसेंबरला संपले असे पान बारावर लिहिले आहे आणि सोबती १७ तारखेला जखमी झाला असे पान चौदावर लिहिले आहे. मग खरे काय?"

उत्तर मला ठाऊक होते, पण मी दिले नाही. म्हटले, "ज्यांनी लिहिले त्यांनाच विचार. पुस्तिकेच्या मागे पत्ता आहे."

त्याने पत्र लिहिले. 'आदरणीय आप्पा' असा मायना, चार ओळी प्रशंसेच्या, आणि मग हा प्रश्न. आठ दिवसांनी उत्तर आले. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची. पण पश्चिम आघाडीवर गोळीबार थांबला तो १७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता. "बेटा, सगळे सोळाच म्हणतात म्हणून मीही सोळा लिहिले. आमची लढाई एक दिवस जास्त चालली, आणि तोच दिवस माझ्या सोबत्याला महाग पडला." पुस्तिकेत ज्या सोबत्याला एकच ओळ मिळाली होती, त्याच्याविषयी या पत्रात दोन पाने होती. पुढे दोघांत सात-आठ पत्रांची देवघेव झाली. पुस्तिकेत नसलेले कितीतरी त्या पत्रांत आले.

या घटनेवरून एक विचार मनात आला, तो पालक व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवतो. आठवणी सांगणारे पुष्कळ असतात. पण त्या इतिहासात जमा व्हाव्यात यासाठी विचारणारा लागतो, आणि तो बहुधा वयाने लहान असतो.

आपल्या मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. घरची गरिबी, म्हणून दक्षिणेच्या आशेने ते काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. तोफांचा मारा, शहराची लूट व कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ते शिपाई नव्हते; पण युद्धाची झळ शिपायाइतकीच सोसून, वाटेत लुटले जाऊन, गंगेचे पाणी घेऊन घरी परतले. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे या गोष्टी घरच्या ओसरीवर सांगण्यापुरत्याच राहिल्या असाव्यात.

१८८३ साली त्या कागदावर आल्या, त्याचे कारण एक तरुण. चिंतामणराव वैद्य, ज्यांनी पुढे इतिहासकार म्हणून नाव मिळविले, ते तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी आग्रह धरला, म्हणून गोडसेभटजींनी लेखणी उचलली. पुस्तक मात्र 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये छापले गेले. इंग्रजी अमलात असा मजकूर छापणे सोपे नव्हते. वैद्यांनी भाषा बदलली, काही भाग गाळला. मूळ हस्तलिखित त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रसिद्ध केला. म्हणजे लिहिलेले शब्द जसेच्या तसे वाचकांच्या हाती पडण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली. तरुणाने विचारले नसते, तर तेही झाले नसते.

आपल्या मोगल इतिहासातही हेच दिसते. हुमायून १५५६ मध्ये वारला तेव्हा अकबर तेरा वर्षांचा होता. पित्याच्या लढाया, पराभव आणि वनवास त्याला पित्याच्या तोंडून पुरते ऐकावयास कधी मिळाले असतील? पुढे बादशहा झाल्यावर त्याने, ज्यांनी ते दिवस पाहिले होते त्यांना आठवणी लिहावयास सांगितले. आत्या गुलबदन बेगम यांनी 'हुमायूननामा' लिहिला. हुमायूनच्या हातावर पाणी घालणारा जौहर आफताबची यानेही लिहिले. बायजीद बयात हा जुना शिपाई. त्याने आपल्या आठवणी लेखनिकाला सांगून लिहविल्या. बादशहाची आत्या, पाण्याची झारी धरणारा सेवक आणि एक म्हातारा शिपाई, तिघांचीही साक्ष अकबराला मोलाची वाटली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. झाशीच्या पाडावानंतर जेमतेम आठवडा उलटला होता. झाशीचे वर्णन करणारे गोडसेभटजी आपल्याला लाभले; आंबापाणीच्या लढवय्यांचे स्वतःच्या शब्दांतील असे पुस्तक मात्र आपल्या हाती नाही. त्यांच्याविषयी आपण वाचतो ते मुख्यत्वे त्यांच्याशी लढणाऱ्या सरकारच्या कागदांतून. ज्याची बाजू लिहिली जात नाही, त्याची कथा दुसराच सांगतो. हा धडा कोणत्याही समाजाने विसरू नये, आणि आपण तर मुळीच नये.

आपल्या घरांतही असेच आहे. कुणाचे आजोबा फौजेत होते, कुणाचे भुसावळच्या रेल्वेत, कुणाची दादी सूत कातून मुलांना शिकवीत होती. हे सारे आपण लग्नाकार्यात ऐकतो, हसतो, आणि मयतीनंतर हळहळतो. जनाजा उठल्यावर प्रश्न विचारून काय उपयोग?

म्हणून विद्यार्थ्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. भेटीपूर्वी किंवा पत्रापूर्वी पुस्तक वाचा, साल-तारखा तपासा. "युद्धाविषयी सांगा" असा मोघम प्रश्न करू नका. "त्या रात्री काय खाल्ले, गाडीत सोबत कोण होते" असे बारीक विचारा. विसंगती दिसली तर अदब राखून दाखवा. म्हाताऱ्या माणसाला खोटे पाडण्यासाठी नव्हे, तर खरे जाणण्यासाठी. ते गप्प झाले तर गप्प राहू द्या. शब्द त्यांचेच ठेवा, मराठी असोत, उर्दू असोत की अहिराणी. आणि पत्रे जपून ठेवा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत. त्यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात आहे. विद्यार्थ्यांनी ते एकदा अवश्य पाहावे.

पालकांना विनंती एवढीच, की मुलाने असा प्रश्न विचारला तर "अभ्यास कर" म्हणून त्याला उठवू नका. हाही अभ्यासच आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या पत्राला आलेल्या उत्तरात आप्पांनी लिहिले होते की पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघालीच, तर पान बारावर १७ डिसेंबर अशी दुरुस्ती करीन, आणि सोबत्याचे पूर्ण नाव घालीन. ती आवृत्ती अजून निघालेली नाही. पण ते नाव आता एका चौदा वर्षांच्या मुलाच्या वहीत, त्याच्या गावासह, सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे.