लोकप्रशासन विषयातील पीएच.डी. प्रवेश

लोकप्रशासन या विषयात विद्यावाचस्पती (पीएच.डी.) पदवीसाठी भारतीय विद्यापीठात नोंदणी मिळविण्याची प्रक्रिया विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या विनियमांनुसार चालते. या विनियमांनी २०१६ चे विनियम रद्द केले व एम.फिल. हा अभ्यासक्रम बंद केला. पात्रतेची किमान चौकट आयोगाची असली तरी जाहिरात, जागा, शुल्क आणि वेळापत्रक हे ज्या त्या विद्यापीठाचे असते.

विषयाचे स्थान

लोकप्रशासन राज्यशास्त्रातून वेगळे झाले. वुड्रो विल्सन यांचा १८८७ मधील निबंध त्याचा आरंभ मानला जातो. भारतात १९५४ मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. चंदीगडचे पंजाब विद्यापीठ किंवा हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मात्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन हा एकच विभाग आहे, तर मुंबई विद्यापीठात हा विषय नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात येतो. त्यामुळे अर्जातील ‘विषय’ या रकान्यात नेमके काय लिहावे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पदवी लोकप्रशासनाची आणि जागा राज्यशास्त्राच्या, किंवा याच्या उलट स्थिती असल्यास अर्ज छाननीतच अडू शकतो. संलग्न विषयांची यादी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहून मगच शुल्क भरावे.

पात्रता

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी आवश्यक असते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश घ्यावयाचा असल्यास ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमिलेयर इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत देता येते.

परीक्षा आणि मुलाखत

विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा महाराष्ट्रात ‘पेट’ या नावाने परिचित आहे. २०२२ च्या विनियमांनुसार तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात आणि निवडीत परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार असतो. २०२४-२५ पासून ‘नेट’ परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्यात आले. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. इतर दोन प्रवर्गांतील उमेदवारांना ७०:३० हेच प्रमाण लागू असून त्यांचे गुण प्रवेशासाठी एक वर्षच वैध राहतात. ‘नेट’ची लोकप्रशासनाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला पारिभाषिक शब्दांची दोन्हीकडची ओळख करून घ्यावी लागते, हा या बदलाचा फारसा न बोलला गेलेला परिणाम होय.

संशोधन आराखडा

मुलाखतीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: उमेदवाराची क्षमता, ते संशोधन त्या संस्थेत होऊ शकते का, आणि त्यातून ज्ञानात काही भर पडेल का. या तिन्हींचे उत्तर आराखड्यात असावे लागते व बहुतेक अर्ज येथेच कमकुवत ठरतात. ‘महाराष्ट्रातील पंचायतराज : एक अभ्यास’ हे शीर्षक पुस्तकाचे होऊ शकेल, प्रबंधाचे नव्हे. याउलट, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये एखाद्या तालुक्यात दाखले मुदतीत मिळतात का, आणि न मिळाल्यास नागरिक प्रथम अपिलापर्यंत तरी पोहोचतात का, हा प्रश्न मोजता येतो, तपासता येतो.

लोकप्रशासनाच्या संशोधकापुढील खरी अडचण कागदपत्रांची असते. शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात. पण नस्त्या, टिपण्या आणि तक्रार नोंदवह्या कार्यालयातच असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अर्जाला सामान्यतः ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जापूर्वीच एखादी अशी माहिती मागवून पाहिली, तर विषय व्यवहार्य आहे की नाही हे नोंदणीनंतर दोन वर्षांनी कळण्याऐवजी आधीच कळते. माहिती कोठून, कोणाच्या परवानगीने मिळेल, याचा एक परिच्छेद आराखड्यात असणे म्हणूनच इष्ट.

मार्गदर्शक

प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाकडे नवा विद्यार्थी दिला जात नाही. लहान विभागात त्यामुळे उत्तम गुण असूनही जागाच नसते. रिक्त जागांची यादी गुणांच्या आकडेमोडीआधी पाहावी.

नोकरदार उमेदवार

तहसील, जिल्हा परिषद, नगरपालिका येथील कर्मचाऱ्यांना हा विषय जवळचा वाटतो. अर्धवेळ पीएच.डी. नियमांत बसते, मात्र कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात अभ्यासासाठी पुरेसा वेळ दिला जाईल असा उल्लेख असावा लागतो. हे प्रमाणपत्र मिळण्यास लागणारा काळ धरूनच अर्जाची तयारी सुरू करावी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. तशी जाहिरात दिसल्यास सावध राहावे.

कालावधी व अर्थसाहाय्य

अभ्यासक्रमपूर्तीसह किमान कालावधी ३ वर्षे व कमाल ६ वर्षे असतो. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढतात. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना आणखी २ वर्षे मिळू शकतात, परंतु एकूण मर्यादा १० वर्षांची आहे. महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, तर वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थाही त्या त्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांचे अर्ज विद्यापीठातील नोंदणीपासून स्वतंत्र असतात.