पट्टा गेला, सांधा आला

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली, हे अनेकांना आठवत असेल. त्या गाडीबरोबर आणखी एक बदल मध्यमवर्गाच्या दारात आला. त्याची मात्र कुणी फारशी दखल घेतली नाही. रेडिएटरचा पंखा विजेवर फिरू लागला होता.

ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी किंवा आपली जबलपूरची जोंगा आठवा. इंजिन लांबीत बसवलेलं, पंखा त्याच्या तोंडाशी, आणि क्रँकच्या पुलीवरून पट्टा त्याला फिरवणार. पट्टा सैल पडला की किंचाळायचा. ड्रायव्हर बॉनेट उघडून अंगठ्यानं ताण बघायचा आणि काम भागायचं. मारुतीचं इंजिन आडवं. पुलीचं तोंड चाकाकडे आणि रेडिएटर समोर. पट्टा तिथवर नेणार कसा? म्हणून पंख्याला स्वतःची मोटर मिळाली आणि पाणी तापलं की ती सुरू करणारा स्विच आला. इंजिन थंड असताना पंखा फुकट फिरायचा थांबला. पण पूर्वी पट्टा ओढायचा तो भार आता वायरींच्या एका छोट्या सांध्यातून, म्हणजे कनेक्टरमधून, जाऊ लागला. हा सांधा किंचाळत नाही, गुपचूप तापतो.

तो का तापतो, याचं उत्तर मोटारगाडीहून जुनं आहे. इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या एका बिअर उत्पादकाचा मुलगा, जेम्स जूल, यानं १८४१ मध्ये दाखवून दिलं की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. पंखा २० अँपिअर ओढत असेल आणि सैल, काळवंडलेल्या टर्मिनलचा रोध फक्त ०.०५ ओहम असेल, तरी तिथं २० वॅट उष्णता निघते. जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली. तापलं की टर्मिनलची पकड ढिली होते, रोध वाढतो आणि ते आणखी तापतं. प्रवाह मर्यादेत असल्यामुळे फ्यूज मात्र शाबूत राहतो.

जोधपूरला असताना एका सहकाऱ्याच्या गाडीचा हा कनेक्टर दोनदा जळाला. बाहेरच्या गॅरेजनं दोन्ही वेळा नवा बसवून दिला. तिसऱ्यांदा गाडी आमच्या वर्कशॉपमधल्या, साताऱ्याकडच्या एका हवालदारानं पाहिली. पंखा चालू ठेवून त्यानं सांध्याच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटर लावला. व्होल्टेज जवळजवळ पडतच नव्हतं, म्हणजे नवा सांधा ठीक होता. मग क्लॅम्प मीटर लावला. प्रवाह हवा त्याहून बराच जास्त होता.

"साहेब, जळलंय इथं, पण दुखणं पुढं आहे," तो म्हणाला.

बॅटरीची वायर काढून त्यानं पंखा हातानं फिरवला. पंखा जड चालत होता. बेअरिंगमध्ये वाळवंटाची बारीक धूळ गेली होती. मोटर जोर लावत होती आणि शिक्षा कनेक्टर भोगत होता. मोटर बदलली, वायर काळी पडली होती तिथून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, आणि दोन्ही बाजूंची टर्मिनलं नवी क्रिम्प केली. त्यानंतर तो कनेक्टर जळला नाही.

जोधपूरमध्ये हे सुट्टीच्या दिवसाचं काम. लेहच्या वाटेवर ते तसं राहत नाही. साडेतीन हजार मीटरवर उघडं पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, हवा विरळ असते, आणि चढावर माणसाच्या चालीनं सरकणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला वारा मिळत नाही. तिथं सारी भिस्त पंख्यावर. एकेरी रस्त्यावर एक इंजिन बसलं, की मागची अख्खी रांग अडकते. तिच्यात कदाचित ॲम्ब्युलन्सही असते.

जोंगा चालवलेल्या आपल्या पिढीचा कान पट्ट्याच्या आवाजावर तयार झाला. आता नाकावर विसंबावं लागतं. प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर नवा कनेक्टर आणण्याआधी बॅटरी सोडवा, कारण इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. मग तो हातानं फिरवून बघा. जड लागला, तर नुसता कनेक्टर बदलून भागणार नाही.